मारोतरावांची चिकटलेली पानं

मारोतराव कुणाच्याही घरी गेले, की चहा यायच्या आत यजमानाच्या फळीवरून, ट्रंकेवरून किंवा धान्याच्या कणगीवरून स्वतःचं पुस्तक शोधून काढत, ते बरोबर मधोमध उघडत आणि दोन पानांच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत. मग पुस्तक होतं तिथं ठेवून म्हणत, "वाचलं न्हाई तुम्ही." यजमान बिचारा "वाचलं की, लई भारी लिहिलंय" म्हणायला तोंड उघडतो न उघडतो, तोच हा निकाल. लोक हबकत. या माणसाला कसली तरी विद्या येते, असं आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना बरेच दिवस वाटत होतं.

विद्या अगदी साधी होती. ऑफिसात पाकिटं चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ असे. मारोतरावांनी घरी तशीच खळ शिजवली आणि आपल्या कादंबरीच्या प्रत्येक प्रतीत मधल्या दोन पानांच्या कोपऱ्याला तिचं एकेक बोट लावून ठेवलं. "वाचणाऱ्याचं बोट लागलं की सुटतंय," ते मला हळूच म्हणाले. "न्हाई वाचलं तर तसंच ऱ्हातंय. माणूस खोटं बोलंल हो शिंदेसाहेब, खळ कशाला बोलंल?"

हे गुपित मला कळायचं कारण एवढंच, की आमचं टेबल एक होतं. लातूर जिल्हा नुकता झाला होता. उस्मानाबादहून आम्ही कारकून मंडळी फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर एका ट्रकमधून लातुरात येऊन पडलो होतो. भाड्याची इमारत, माणसं जास्त आणि खुर्च्या कमी. मारोतरावांना मात्र खुर्चीची अडचण कधी जाणवली नाही, कारण ते बसतच नसत. फाईल हातात घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारत, उभ्यानं सही करत, उभ्यानं डबा खात. त्यांच्याकडे बघून मलाच दम लागायचा. मुखेडकडचा माणूस, काडीसारखा अंगानं, शर्टाच्या खिशाला शाईचा कायमचा डाग, आणि कधीही विचारावं तर "फुरसत कुठाय?" हे उत्तर. घरी ते एकटेच होते, तेव्हा फुरसत नक्की कोण खाऊन टाकत होतं हे मला कळत नसे.

कादंबरीचं नाव 'माळवदावरचं ऊन'. मुखेडकडचं एक गाव, त्यातलं एक मातीच्या धाब्याचं घर, त्यातली माणसं. हस्तलिखित त्यांनी पुण्याच्या एका प्रकाशकाला पाठवलं होतं. तिथून वर्षभरानं ते परत आलं. सोबत "भाषा फार गावाकडची आहे" एवढाच अभिप्राय. "गावाकडच्या लोकांनी गावाकडचं बोलू नाही तर काय लंडनचं बोलावं?" म्हणून मारोतराव महिनाभर धुमसले, आणि शेवटी नांदेडच्या एका छापखान्यात पदरचे पैसे घालून त्यांनी पुस्तक छापलं. हा छापखाना एरवी लग्नपत्रिका छापायचा. हाताला लागलेलं वळण सुटतं होय? पुस्तकाच्या पहिल्या पानावर वर गणपती आला आणि खाली लेखकाच्या नावाआधी 'आपला विनीत' असं आलं. मारोतराव भांडायला गेले तर छापखान्याचा मालक शांतपणे म्हणाला, "ऱ्हाऊ द्या हो. शुभ असतंय."

प्रकाशन नव्या जिल्ह्यातल्या एका नव्या साहेबाच्या हस्ते झालं. साहेबांनी पुस्तक हातात उंच धरलं आणि अर्धा तास टंचाई निवारणावर बोलले. पुस्तकाबद्दल म्हणाले, "शीर्षक या परिस्थितीला अनुरूप आहे." टाळ्या पडल्या. मारोतराव टाळ्या संपायच्या आधीच मंडपाबाहेर येरझाऱ्या घालत होते.

खरी पंचाईत त्यानंतर सुरू झाली, आणि तिला कारण दुष्काळ. त्या साली पावसानं पाठच फिरवली होती. विहिरी आटल्या, गावोगाव टँकर सुरू झाले, आणि टँकरचं टेबल आलं मारोतरावांकडे. कोणत्या गावाला किती खेपा हे वरचे साहेब ठरवायचे. मारोतराव फक्त आदेश लिहायचे आणि गाड्या हलवायचे. पण हे गावाला कोण पटवणार? गावाच्या दृष्टीनं नळाची चावी त्यांच्याच हातात होती. सकाळपासून सरपंच, पोलीस पाटील, पुढारी, सगळे आमच्या टेबलाभोवती. आणि मारोतराव प्रत्येकाला आदेशाबरोबर कादंबरीची एक प्रत देत, आतल्या पानावर 'सप्रेम भेट' लिहून. विकायचं त्यांच्या मनातही आलं नाही. लोकांनी वाचावं एवढंच त्यांना हवं होतं.

"कसं वाटलं? खरं सांगा, राग न्हाई मला," हे ते पुढच्या खेपेला विचारत.

आता टँकर मागायला आलेला माणूस काय सांगणार? मुरुडकडचा एक सरपंच म्हणाला, "साहेब, घरातली समदी रडली." दुसरा म्हणाला, "आमच्या म्हशीला वाचून दावलं तर तीबी रडंल." एकानं तर पुस्तकाला हार घालून त्याचा फोटो आणून दाखवला. मारोतराव प्रत्येक स्तुतीनंतर जास्तच कासावीस होत. रात्रंदिवस राबून लिहिलेलं पुस्तक, आणि कुणी चांगलं म्हटलं की यांना ते पाण्यासाठी म्हटल्यासारखं वाटे. तसं ते बहुतेक वेळा होतंही. म्हणून ती खळ.

मी ती कादंबरी वाचली होती, पहिल्याच आठवड्यात. मी त्यांना सांगितलंही, की बाजाराचं प्रकरण मस्त आहे, मधे जरा पसरट झालीय, पण माणसं खरी आहेत. ते उभ्यानंच ऐकत होते. मग म्हणाले, "तुम्ही घरचेच हो. शेजारी बसता. तुमचं धरता येत न्हाई." मला राग आला. चांगलं सांगणारा समोर बसलाय आणि हे गृहस्थ जिल्हाभर खळ तपासत हिंडतायत. पण त्यांना माझं मत नकोच होतं. त्यांना हवा होता असा माणूस, की ज्याचं त्यांच्याशी काही काम अडलेलं नाही, ज्याला शेजारधर्म पाळायचा नाही, आणि तरी ज्यानं पुस्तक शेवटपर्यंत वाचलंय. असा एक मिळाला असता तरी त्यांना पुरे होतं. दुष्काळात टँकरच्या टेबलावर बसून असा माणूस कुठून मिळायचा?

एकदा मात्र ते नाचायचेच बाकी राहिले होते. निलंग्याकडच्या एका ग्रामसेवकाच्या घरी पानं सुटलेली सापडली. मारोतरावांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. तेवढ्यात ग्रामसेवकाची बायको आतून म्हणाली, "अहो, ते पुस्तक तिथं ठिवू नका, झुरळं लागलीत त्याला." बघितलं तर पानाचा कोपराच नव्हता. गव्हाची खळ, झुरळांना गोड लागली. परतीच्या बसमध्ये जागा असूनही मारोतराव दांडी धरून उभेच राहिले. लातूर आल्यावर खाली उतरता उतरता म्हणाले, "झुरळांनी तरी खरं खाल्लं."

पुढं तर आणखी गंमत झाली. खळीची बातमी फुटली. कुणी फोडली देव जाणे, पण तालुक्याच्या गावी चहाच्या हॉटेलात खुलेआम चर्चा सुरू झाली, की टँकरला काय काय लागतं? तर ग्रामपंचायतीचा ठराव, तलाठ्याचा दाखला, आणि साहेबाच्या पुस्तकाची मधली दोन पानं. झालं. येणारा प्रत्येक जण ती दोन पानं पाठ करून येऊ लागला. त्या पानांत नायकाचा चुलता रागारागानं घरातली कोंबडी विकतो. एवढंच. पण जो येईल तो आल्या आल्या म्हणे, "साहेब, चुलत्यानं कोंबडी विकायला नको हुती." त्या दिवसांत ती दोन पानं अख्ख्या नव्या जिल्ह्यात तोंडपाठ होती, आणि त्यांच्या आधीचं नि नंतरचं पान कुणाला ठाऊक नव्हतं. मला हसू आवरत नव्हतं. मारोतरावांचा चेहरा मात्र दिवसेंदिवस उतरत चालला होता.

आणि एका सकाळी त्यांनी ते केलं, जे कोणत्याही सरकारी ऑफिसात कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही. त्यांनी दरखास्त दिली, की मला टँकरच्या टेबलावरून काढा आणि जुन्या फायलींच्या खोलीत टाका. ज्या टेबलासाठी लोक वशिले लावतात, ते टेबल हा माणूस परत देतोय म्हटल्यावर साहेबांना आधी याच्यामागं चौकशी लागल्याचाच संशय आला. बोलावून घेतलं. "काही भानगड आहे का?"

"न्हाई साहेब."

"मग?"

"माणसं खरं बोलून राहिली न्हाईत," मारोतराव म्हणाले. साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी सही केली.

मारोतराव मागच्या अंधाऱ्या खोलीत गेले आणि दोन दिवसांत त्यांच्याभोवतीचा गराडा विरून गेला. कोंबडीचं नाव कुणी काढीना. जे सरपंच कमरेत वाकून रामराम घालायचे, ते आता त्यांच्या अंगावरून नव्या टेबलाकडे जात. मारोतराव मला हसून म्हणत, "आता कळंल बघा, कोण वाचलंय." कळलं असं, की कुणीच वाचलं नव्हतं. महिना गेला, दुसरा गेला. ते त्या खोलीच्या दाराशी उभे राहून येणाऱ्या जाणाऱ्याकडे बघत. ओळखीचा दिसला तर चेहरा उजळायचा, तो नजर चुकवून गेला की पुन्हा फायलींकडे वळायचे. मला फार वाईट वाटायचं. मी मुद्दाम जाऊन बाजाराच्या प्रकरणाबद्दल बोलायचो. ते मान हलवायचे, घरच्या माणसासमोर हलवतात तशी.

मग एक दिवस दुपारी एक बाई आल्या. पांढरी सुती साडी, हातात कापडी पिशवी, पिशवीत ते पुस्तक. मुरुडजवळच्या एका खेड्यात शाळेवर शिक्षिका होत्या, कांबळेबाई. उन्हाळ्यात त्या टँकरसाठी आल्या होत्या हे मला आठवलं. टँकर गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि बौद्धवाड्यातल्या बायकांना ताटकळावं लागायचं, म्हणून वाड्यात वेगळी टाकी मागत होत्या. तेव्हा पुस्तक घेऊन मुकाट्यानं गेल्या होत्या.

"टाकीचं काम नव्या साहेबांकडून झालं," त्या मारोतरावांना म्हणाल्या. "आता पुस्तकाचं बोलायला आले. आधी बोलले असते तर पाण्यासाठी बोलले असं झालं असतं."

मारोतराव उभे होते ते तसेच राहिले. हातातली फाईल त्यांनी खाली ठेवली. नेहमीचा प्रश्नही त्यांना सुचला नाही.

"चांगलं लिहिलंय, भाऊ. मी दोनदा वाचलं. पण एक सांगू? आईला लई घाईत मारलंत तुम्ही. चुलत्याच्या भांडणाला किती पानं, बाजाराला किती पानं. आणि आई चार ओळीत गेली. मला वाटलं पान फाटलं म्हणून. परत बघितलं. न्हाई, तेवढंच होतं."

मी मनात म्हटलं, आता हा माणूस आनंदानं वेडा होणार. इतके महिने जी वाट बघितली ती ही. पण मारोतराव खिडकीकडे बघत होते.

"मी नव्हतो तिथं," ते म्हणाले. "किनवटला नोकरीला होतो. निरोप आला, गाडी चुकली. पोचलो तवर समदं आटपलं हुतं. जे बघितलंच न्हाई ते कसं लिहू?"

"जवळ कोण होतं?"

"शेजारच्या सखूमावशी."

"हायती का?"

"हाव. हायती."

"मग त्यांना विचारलं न्हाई?"

मारोतरावांनी खाली ठेवलेली फाईल पुन्हा उचलली. बाई पिशवी सावरत म्हणाल्या, "विचारा एकदा," आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेल्या.

जिल्हाभर ज्याच्या त्याच्या घरी जाऊन विचारपूस करत हिंडलेला हा माणूस. आईच्या शेवटच्या वेळी काय झालं, हे एवढ्या वर्षांत त्यानं एकाच बाईला विचारायचं होतं आणि तेवढंच विचारलं नव्हतं. त्यांची सगळी धावपळ मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

दुसऱ्या दिवशी ते रजेवर होते. मुखेडला गेल्याचं कळलं. चार दिवसांनी परत आले ते थेट माझ्या टेबलाशी.

"मला वाटत हुतं, वाट बघत गेली असंल," ते म्हणाले. "दाराकडं डोळे लावून. म्हणून मी कधी इचारलंच न्हाई. मावशी म्हणाली, न्हाई रे. तुझ्या लहानपणच्या खोड्या सांगून राहिली हुती. तू कणगीत लपून बसला हुतास ते सांगितलं आणि हसली. आम्ही समद्या हसलो. मग पाणी मागितलं. तेवढंच."

त्यांचा आवाज स्वच्छ होता. डोळे मात्र पुसावे लागले, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"दुसऱ्या आवृत्तीत घालतो हे," ते म्हणाले. "बराबर हाय ना?"

त्यांच्या खोलीत खाटेखाली पहिल्या आवृत्तीचे गठ्ठे अजून तसेच बांधलेले होते. मी ते स्वतः पाहिले होते.

"घाला," मी म्हणालो. "लवकर घाला."