जोत्याची उंची

"तुला काही विचारायचं असेल तर विचार हो. लाजू नकोस," बळवंतराव सावंत उदारपणे म्हणाले. मुलगी त्यांना पसंत होती. मुलाला, नंदकिशोरला, तर इतकी, की त्याचे पोहे बशीत तसेच राहिले होते.

अनुपमाने सावंतांच्या घरभर नजर फिरवली. "तुमच्या बिल्डिंगचं जोतं रस्त्यापासून किती उंच आहे?"

"जोतं?"

"तळमजला आहे ना, आणि मागे खाडी, म्हणून."

अनुपमा समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत होती. भरतीचे आणि जमिनीच्या उंचीचे आकडे भरले, की समुद्र मीटरभर चढल्यावर पाणी कुठवर येईल ते तिथला कॉम्प्युटर छापून देई. चार दिवसांनी तिच्या वडिलांनी वर्सोव्याचा तसा नकाशा पाठवला. सोबत निरोप होता : मुलीचा होकार आहे, फक्त हे तुम्हाला ठाऊक असावं.

नकाशात सावंतांच्या घरावर पाण्याच्या बारीक रेघा होत्या.

"माझ्या घरात समुद्र घालते?" बळवंतराव कडाडले. "अजून उंबरठा ओलांडला नाही हिनं!"

"अहो, पन्नास-शंभर वर्षांनी येणार म्हणे तो," विमलाबाई म्हणाल्या.

"कधीही येवो! न विचारता कसा येतो?"

"बाबा, होकार कळवा ना," नंदकिशोर म्हणाला.

"आधी तिला तो कागद मागे घ्यायला सांग!"

उत्तर आलं, कागद मागे घेते, समुद्र घेता येणार नाही.

मग मात्र बळवंतरावांनी तो नकाशा सोसायटीच्या फळ्यावर लावला आणि वर लाल पेन्सिलीने 'निषेध' लिहिलं. तळमजल्यावरचे सगळे खवळले. कुणी सोफा विटांवर चढवला, कुणी गच्चीत कायमचा वाटा मागितला. वरच्या मजल्यावरच्यांनी बैठक बोलावली. बळवंतराव तावातावाने बोलले, "एमएस्सी झालेली मुलगी! आपल्यातली, मालवणकडची, वडील घाटकोपरला हेडमास्तर, पत्रिका उत्तम, आणि बोलणं बघा!"

तिसऱ्या मजल्यावरच्या रामनाथ परबांनी सहानुभूतीने विचारलं, "घाटकोपरला कुठे म्हणालात?"

बळवंतरावांनी संतापाच्या भरात गल्लीसकट पत्ता सांगितला.

मार्गशीर्षात परबांच्या मुलाचं, रतनचं, लग्न झालं. नंदकिशोरने पंगतीत वाढप केलं आणि महिनाभर वडिलांशी अबोला धरला. नवी सून जिन्यात दिसली की बळवंतराव मान फिरवत.

मे महिन्यात सोसायटीचा पंप जळला. सकाळी दार वाजलं. बाहेर दोन रिकाम्या बादल्या घेऊन अनुपमा उभी होती.

"काका, वर पाणी चढत नाही. तुमच्या नळाला आहे ना?"

बळवंतराव या क्षणाची वाटच पाहत असावेत. "का गं? शंभर वर्षांनी समुद्र कुठे येणार ते सांगतो तुझा कॉम्प्युटर. उद्या नळाला पाणी येणार का, ते नाही सांगत?"

"समुद्राचा नेम असतो, काका," अनुपमा म्हणाली. "नळाचा काय सांगणार?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचं बोलणं त्यांना पटलं. त्याचाच जास्त संताप येऊन त्यांनी बादल्या हिसकावून घेतल्या आणि काठोकाठ भरून दिल्या.