फ्रेंचच्या तोंडी परीक्षेला मौन

फ्रेंच भाषा मी आठ महिन्यांत संपवली होती. हसू नका! पुस्तकात बत्तीस धडे होते आणि शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यासकट ते सगळे मला पाठ होते. १९५८ साली आमच्या पवनारात पाठ येणं म्हणजेच भाषा येणं. त्या हिशेबानं मी खुद्द फ्रान्सच्या लोकांपेक्षा पुढे होतो, कारण त्यांना छापखान्याचा पत्ता येत असेल असं मला वाटत नाही.

वर्ध्याच्या आमच्या हायस्कुलात हा वर्ग निघाला तो लक्ष्मणराव मास्तरांमुळे. मास्तर पंधरा वर्षं पाँडिचेरीला एका फ्रेंच कंपनीच्या कचेरीत कारकून होते. फ्रेंच गेले, कचेरी मिटली आणि मास्तर बायकोमुलांना घेऊन गावी परतले. हेडमास्तर हौशी, त्यांनी मास्तरांना ठेवून घेतलं. विद्यार्थी सहा. मास्तरांचं अक्षर इतकं देखणं, की फळा पुसायला हात धजत नसे. ते लिहीत, आम्ही उतरवून घेत असू आणि घरी घोकत असू. बोलण्याची भानगड आमच्या वर्गात नव्हती, आणि ती नाही हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

माझे वडील भैयाजी यांची धाम नदीच्या काठी वांग्यांची वाडी. त्या हिवाळ्यात आमच्या गावातल्या आश्रमात एक फ्रेंच बाई राहायला आल्या. सगळे त्यांना मादाम म्हणत, आणि त्यांना कामापुरतं मराठी कळू लागलं होतं. झालं! वडील वर्ध्याच्या बाजारात वांगी कमी आणि माझं फ्रेंच जास्त विकू लागले. एक दिवस हेडमास्तर भाजीला आले तर त्यांनाही सांगून मोकळे झाले, "माहा चंद्रभान त्या बाईसंग रोज बोलते ना. तासतासभर बोलते."

हेडमास्तरांना बुडत्याला दोर मिळावा तसं झालं. नागपूरच्या तपासनीस साहेबांनी सहा पोरांसाठी एक मास्तर पोसणं बंद करा असं कळवलं होतं. हेडमास्तरांनी त्यांना उलट कळवलं, की आमचा विद्यार्थी खऱ्या फ्रेंच बाईंशी दहा मिनिटं बोलून दाखवेल, मग ठरवा. साहेब कबूल झाले. रविवारी दुपारी, आमच्याच वाडीत. मी बोललो तर वर्ग राहणार होता, नाही तर मार्चअखेर मास्तर घरी बसणार होते.

शनिवारी मास्तर मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला आले. एरवी ते कुणाला सोडायला येत नसत. "चंद्रभान," ते म्हणाले, "दहाच मिनिटं." त्यांचा कोट कोपरावर विरला होता, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मी म्हटलं, काळजी करू नका. गावात उतरलो आणि थोडी तालीम करावी म्हणून नदीवर गेलो. घाटावर मादाम आश्रमातल्या दुसऱ्या एका पाहुणीशी बोलत बसल्या होत्या. मी खडकामागे उभं राहून ऐकू लागलो. पाच मिनिटं ऐकलं, दहा मिनिटं ऐकलं. बत्तीस धड्यांतला एक शब्द ओळखीचा निघेल तर शपथ! मास्तरांच्या फळ्यावर शब्द सुटे सुटे, शिस्तीत बसलेले असत. इथे नळ फुटल्यासारखं सगळं एकत्र वाहत होतं. संध्याकाळी जेवण गेलं नाही. डोळ्यांसमोर मास्तरांचं ते कोपर येत होतं.

रविवारी सकाळी उठलो आणि मला सुचलं. मी पाटी घेतली, तिच्यावर लिहिलं, "आज माझे मौन आहे", आणि ती गळ्यात अडकवून ओसरीवर बसलो.

दुसऱ्या गावात हे सोंग कुणी चालू दिलं नसतं, पण आमच्या गावात आश्रमामुळे मौनाला फार मान. मौन धरलेल्याला कुणी कारण विचारत नाही आणि त्याचं मौन मोडायला लावत तर नाहीच नाही. आई, अन्नपूर्णा तिचं नाव, पाटी वाचून गहिवरली. तिनं मला ओवाळलं. शेजारच्या सखूबाई नातवाला माझ्या पाया पडायला घेऊन आल्या.

वडील मात्र तांबडेलाल झाले. "काऊन बे, आजच सुचलं तुले हे?"

"त्याले बोलतं करू नका," आईनं त्यांना दटावलं. "पाप लागन तुम्हाले."

वडिलांनी दात खाल्ले, पण पापापुढे त्यांचं काही चालेना.

तीन वाजता साहेब आले. बरोबर हेडमास्तर, मादाम आणि सगळ्यांच्या मागे लक्ष्मणराव मास्तर. वाडीत बाजा टाकल्या होत्या. साहेबांनी माझ्या गळ्यातली पाटी वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

"हे केव्हा सुटणार?"

मी लिहिलं, "सूर्यास्ताला." साहेबांची मोटार पाचला होती, हे मला ठाऊक होतं.

"ठीक आहे," साहेब म्हणाले, "मी मुक्काम करतो."

मास्तर विहिरीकडे बघत उभे. मादाम त्यांच्याशी फ्रेंचमध्ये काहीतरी लांबलचक बोलल्या, तर मास्तर नुसते मान हलवून हसले आणि कपाळावरचा घाम पुसू लागले. जानेवारी महिना होता! पण मला तेव्हा माझ्याच घामाची पडली होती. सगळे माझ्याकडे तोंड करून बसले आणि सूर्य मावळायची वाट पाहू लागले.

आणि तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे, कुंपणाच्या फटीतून, शेजारच्या डोमाजीची म्हैस आत शिरली.

ती फक्त मला दिसत होती. शांतपणे एकेक झाड उपटून खात ती पुढे सरकत होती. ओरडावं तर मौन जातं, मौन गेलं की फ्रेंच आलं, आणि फ्रेंच आलं की मास्तर गेले. गप्प राहावं तर आमची वांगी जातात. पहिली ओळ संपली. दुसरीही निम्मी संपली. शेवटी राहवेना, तसं मी पाटी पुसून लिहिलं, "मागे म्हैस", आणि वर धरली. हेडमास्तरांनी ती मोठ्यानं वाचली आणि विचारात पडले. साहेबांनी वहीत टिपून घेतलं. मागे वळून पाहिलं ते फक्त वडिलांनी, आणि ते काठी घेऊन धावले.

त्यांच्या मागोमाग मादामनी वळून पाहिलं आणि त्या पोट धरून हसल्या. त्या माझ्याजवळ आल्या, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि पाटीवर फ्रेंचमध्ये लिहिलं, "ही तुमची आहे का?"

अहो, मला ते वाचता आलं! लिहिलेलं फ्रेंच होतं ना ते, सुटं सुटं, शिस्तीतलं. नववा धडा, पाळीव जनावरं. मी झरझर लिहिलं, "नाही मादाम, ती माझ्या शेजाऱ्याची आहे." त्यांनी विचारलं, "शेजारी चांगला आहे का?" मी लिहिलं, "शेजारी चांगला आहे, परंतु त्याचे कुंपण जुने आहे." हा तेराव्या आणि एकविसाव्या धड्याचा जोड होता. पाटी त्यांच्याकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून त्यांच्याकडे फिरू लागली. मास्तर प्रत्येक ओळ साहेबांना मराठीत वाचून दाखवत होते आणि त्यांचा आवाज हळूहळू चढत होता.

मग मादामनी लिहिलं, "खरं सांग, तू गप्प का आहेस?"

या प्रश्नाचं उत्तर बत्तीस धड्यांत नव्हतं. मग इकडून तिकडून शब्द गोळा करून लिहिलं, "मादाम, मला भीती वाटते. मला बोलता येत नाही. माझे मास्तर चांगले आहेत. त्यांची मुले लहान आहेत." लिहिताना डोळे भरून आले, तरी अक्षर चांगलं काढलं.

"काय लिहिलं त्यानं?" साहेबांनी विचारलं.

मास्तरांनी पाटी हातात घेतली. वाचली. पुन्हा वाचली.

"तो म्हणतो," मास्तर म्हणाले, "जाताना आमच्या वाडीतली वांगी घेऊन जा."

मादामनी मास्तरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि साडीच्या पदरानं पाटी स्वच्छ पुसून टाकली. मग त्या साहेबांशी इंग्रजीत बोलल्या. हेडमास्तरांनी आईवडिलांना अर्थ सांगितला: मुलगा एखाद्या जुन्या वकिलासारखं फ्रेंच लिहितो, असा वर्ग बंद करणं बरं नव्हे. साहेबांनी घड्याळ पाहिलं. साडेचार झाले होते. पाचची मोटार मिळत असेल तर मुक्काम कुणाला हवा असतो? त्यांनी बाजेवरच कागद ठेवला आणि वर्ग चालू ठेवावा असं लिहून सही केली. जाताना वांगीही नेली, म्हशीनं ठेवली होती ती.

वर्ग वाचला. आईनं सूर्यास्ताला नारळ फोडून माझं मौन सोडवलं. मी गावात फुशारकी मारत फिरलो, पण सोमवारपर्यंतच. सोमवारी शाळेत हेडमास्तरांनी जाहीर केलं, की मादाम आता दर गुरुवारी स्वतः वर्गावर येणार आहेत. लिहिणं उत्तम आहे, बोलणं तेवढं त्या शिकवणार.

गुरुवारी मी पाटी पिशवीत घालूनच निघालो. म्हटलं, एकदा चाललं ते दुसऱ्यांदाही चालेल. वर्गात शिरलो तर लक्ष्मणराव मास्तर आधीच खुर्चीवर बसले होते. पाठ ताठ, नजर समोर. आणि गळ्यात पाटी! पंधरा वर्षं पाँडिचेरीत फ्रेंच पत्रांच्या नकला करून कमावलेल्या त्या देखण्या अक्षरात तिच्यावर लिहिलं होतं, "आज माझे मौन आहे."

मी बाकावर बसलो आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर मादामच्या चपला वाजल्या.

एका वर्गात दोघांना कसं मौन धरता येणार? मी माझी पाटी पिशवीत तशीच राहू दिली, उठून उभा राहिलो आणि आठ महिन्यांत संपवलेली भाषा पहिल्या धड्यापासून बोलायला सुरुवात केली.