नारिंगी वायरीचा घोळ

"पाच वायरी आहेत, राधिका! पाच! त्यासाठी कुणी माणूस बोलावतं का?" असं म्हणून रविवारी रात्री सिद्धेशनं स्क्रू ड्रायव्हर तलवारीसारखा उपसला आणि घराचं तापमान सांभाळणाऱ्या, भिंतीवरच्या जुन्या थर्मोस्टॅटचं झाकण काढलं.

अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या एका डेटा सेंटरमध्ये हजारो सर्व्हर थंड ठेवायचे, ही सिद्धेशची नोकरी. तेव्हा एका घराचं हीटिंग म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ! शिवाय घाईही होती. राधिकाची आई, शुभाताई, शुक्रवारीच नागपूरहून आल्या होत्या. मार्च संपत आला तरी बाहेर कडाका होता आणि जुना थर्मोस्टॅट मनाला येईल तेव्हा झोपायचा. सासूबाईंनी पहिल्यांदाच अमेरिकेत यावं आणि कुडकुडावं, हे सिद्धेशला सहन होण्यासारखं नव्हतं.

तसं सासू-जावयाचं वाकडं काही नव्हतं. पण लग्नाला चार वर्षं होऊनही बोलणं "चहा घेता?" आणि "चालेल" यापुढे सरकलं नव्हतं. दोघंही इतके अदबशीर, की दारातून जायचं झालं तर "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत दोघंही बाहेरच!

सिद्धेशनं मेन स्विच बंद केला, वायरींचा फोटो काढला, लाल जागी लाल आणि पिवळ्या जागी पिवळी बसवली. नवा स्मार्ट थर्मोस्टॅट उजळला आणि त्यानं एक प्रश्न विचारला. नारिंगी वायर कशासाठी? गरम करायला की थंड करायला? घर गरम आणि थंड करणारं बाहेरचं मशीन एकच होतं; त्याची दिशा ही वायर बदलायची. सिद्धेशनं क्षणभर डोकं खाजवलं. घर गरम करायचंय, मग 'गरम'च की! बटण दाबलं. घूंऽऽ करून जमिनीलगतच्या जाळीतून हवा आली.

"गार लागतेय रे," राधिका म्हणाली.

"पहिल्यांदा गारच येते!" सिद्धेश म्हणाला. अशा आवाजात, की तिचाही विश्वास बसला.

सोमवारी पहाटे राधिका दोन दिवसांसाठी जर्सी सिटीच्या ऑफिसला गेली. सिद्धेशही कामावर गेला. दहा वाजता त्यानं फोनवर थर्मोस्टॅटचं अ‍ॅप उघडलं. घरात चौसष्ट डिग्री फॅरनहाइट, म्हणजे आपले जेमतेम अठरा! अरे बापरे, सासूबाई! त्यानं लगेच बहात्तर केलं. अकराला बघतो तर एकसष्ट! पंचाहत्तर केलं. एकला एकोणसाठ! त्यानं दात-ओठ खाऊन ऐंशी केलं आणि घरी फोन लावला.

"आई, थंडी नाही ना वाजत?"

"छे छे! छान गारवा आहे," शुभाताई म्हणाल्या. पण 'गारवा' म्हणताना त्यांचे दात तबल्यासारखे वाजले. सिद्धेश मीटिंग टाकून गाडीकडे पळाला.

घरात शिरला तर फ्रीजमध्ये शिरल्यासारखं वाटलं. आणि शुभाताई कुठेच नव्हत्या! खोलीत नाहीत, किचनमध्ये नाहीत. मागचं दार उघडं दिसलं म्हणून तो तसाच अंगणात धावला.

एसीच्या बाहेरच्या मशीनपाशी शुभाताई उभ्या होत्या. अंगात सिद्धेशचं बर्फातलं जॅकेट, त्याच्या बाह्या गुडघ्यापर्यंत, डोक्याला शाल. मशीनच्या पंख्यावर दोन्ही हात धरून, होळीपाशी शेकावं तशा त्या शेकत होत्या!

"आई! इथे काय करताय?"

त्या एकदम दचकल्या. "काही नाही, सहजच... इथे जरा उबदार वारा येतो."

"अहो, मग फोनवर सांगायचं ना!"

"कसं सांगणार?" शुभाताईंचा आवाज बारीक झाला. "एअरपोर्टवर मी बोलून गेले नं, नागपूरच्या उकाड्यानं जीव नकोसा झालाय म्हणून. तुम्ही ते लक्षात ठेवलंत. माझ्यासाठी हौसेनं नवीन मशीन लावून घर गार केलंत. तासातासाला आणखी गार होत होतं. मला वाटलं, एवढं प्रेमानं करणाऱ्याचं मन कशाला मोडा?"

सिद्धेश मटकन पायरीवरच बसला. "आई, मी दिवसभर घर गरम करत होतो हो! जेवढं वाढवलं तेवढं..."

मग तो थांबला. आत गार. बाहेर गरम.

"नारिंगी!" तो ओरडला आणि आत धावला. मागोमाग बाह्या सावरत शुभाताई. त्यानं नारिंगी वायरीचं सेटिंग उघडलं, 'गरम'चं 'थंड' केलं आणि दोघं श्वास रोखून जाळीपाशी बसले. दोन मिनिटांनी ऊन हवेची झुळूक आली.

शुभाताई आधी हसल्या, मग डोळे पुसत हसल्या. "बाई बाई! एवढा शिकलेला तू, आणि उलटं लावलंस होय रे?"

'तू' ऐकून सिद्धेशला जाळीतल्या हवेपेक्षा जास्त ऊब आली.

संध्याकाळी दोघंही जाळीपुढे मांडी ठोकून झुणका-भात खात होते. राधिकाचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, घर गरम आहे ना?"

"एकदम! अगं, पहिल्या झटक्यात जमलं त्याला," शुभाताई पापणीही न लववता म्हणाल्या. सिद्धेशनं मान खाली घालून भातात लक्ष घातलं.

"हो का? मग माझ्या फोनवर दुपारपासून थर्मोस्टॅटचे हे सतरा मेसेज कसले आलेत? 'तुमचं घर फार थंड होत आहे'?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आवाज येत नाही गं, राधिका! रेंज गेली वाटतं," शुभाताई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच्या पोटच्या पोरीचा फोन कट करून जावयाला आणखी झुणका वाढला.