ढवळेकाका आणि पहिली चूक

ढवळेकाका भांडण सोडवायला आले की भांडणाऱ्यांनाच घाम फुटतो. "थांबा," ते हात वर करून म्हणतात, "पहिली चूक सांगा. बाकीच्या आपोआप जातात." आमच्या घरमालकीण सुमनताई आणि त्यांच्या जाऊबाई यांची एकदा पाण्याच्या टाकीवरून जुंपली होती. काकांनी पहिल्या चुकीच्या शोधात दोघींना मागं मागं नेत थेट लग्नातल्या मानपानाच्या साडीपर्यंत पोचवलं. टाकी राहिली बाजूला, दोघी साडीवरून नव्या दमाने भांडू लागल्या. "ह्यो मानूस भांडान मिटवाया आलाय का लावाया?" सुमनताईंनी मला विचारलं.

हे तत्त्वज्ञान कंप्युटरमधून आलेलं आहे. प्रोग्राम लिहिला की कंपायलर तो तपासतो, आणि जिथं अडेल ती ओळ जशीच्या तशी पडद्यावर छापून चूक दाखवतो. वरची एक चूक खाली पन्नास चुका उभ्या करते, म्हणून पहिली आधी दुरुस्त करायची. मी हिंजवडीत याच कामाचा पगार घेतो. काका परभणीच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले, आणि पिरंगुटच्या या घरात माझ्या खालच्या खोलीत बसून मलाच हे शिकवतात. कंपायलर चुकांखेरीज नुसते इशारेही देतो, तेही त्यांनी सोडलेलं नाही. सुमनताईंच्या आमटीत मीठ जास्त झालं तर म्हणतात, "ही चूक नाही, इशारा आहे. चालून जाईल."

"मग खावा की गुमान!" सुमनताई म्हणतात.

काका हे शिकले ते अर्चनामुळे. ती त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्या नोकरीसाठी बापलेक इकडे आले. काकांना शब्दकोड्यांचं वेड, म्हणून तिने मराठी शब्दकोडी तयार करणारा प्रोग्राम लिहिला आणि सगळ्यांना वापरायला आणि बदलायलाही इंटरनेटवर फुकट खुला ठेवला. मग तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. काका गावी परतले नाहीत. भावाचा फोन आला की एकच उत्तर, "तिचा प्रोग्राम तिच्या लॅपटॉपवर एकदा चालू दे, मग येतो."

तो चालत नव्हता, कारण नंतर कुणा परक्या माणसाने त्यात नव्या धाटणीची भर घातली होती. काकांनी हौसेने ती उतरवून घेतली, आणि अर्चनाच्या लॅपटॉपवरच्या जुन्या कंपायलरला ती कळेना. रोज सकाळी चहाचा कप घेऊन काका बसत, बटण दाबत, चुकांचा लोंढा येई. मी मदतीला गेलो की म्हणत, "बघायलोय ना मी." नवा कंपायलर टाकू म्हटलं तर तोंड फिरवत. "तिच्या मशीनमधलं काही बदलायचं नाही."

एका रविवारी ते दूध आणायला गेले आणि मला राहवलं नाही. पहिली चूक त्या परक्याच्याच ओळीत होती. ती मी जुन्या पद्धतीने लिहून टाकली. किरकोळ काम! अख्ख्या वाडीला पहिली चूक शोधायला लावणाऱ्या माणसाला स्वतःची एवढी दिसू नये?

काका आले. मी फुशारकीने म्हटलं, "आता लावून बघा."

त्यांनी बटण दाबलं. सगळं बरोबर असलं की कंपायलर काही बोलत नाही. शब्दकोड्याचे चौकोन उमटले. काकांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"त्या कुठं गेल्या?"

"कोण?"

"चुका हो! त्यात तिच्या ओळी यायच्या."

मग माझ्या लक्षात आलं. अर्चना आपल्या ओळींच्या शेजारी मराठीत टिपणं लिहायची, आणि चूक छापली की ओळीबरोबर तीही यायची. 'बाबांना सोपे शब्द चालत नाहीत.' 'भूक लागली, उरलेलं काम जेवल्यावर बघते.' पहिली चूक काकांना केव्हाच सापडली होती, ती त्यांनी मुद्दाम तशीच ठेवली होती.

"अहो काका, फाईल उघडली तर सगळंच वाचता येईल," मी म्हणालो. मला फार वाईट वाटत होतं.

"एकदम नको," ते म्हणाले. "एकदम वाचलं की संपलं. हे असं मधेच येतं, न विचारता. घरात ती अशीच मधेच बोलायची. मी पेपर वाचायलोय, कुकर वाजायलाय, अन् हिचं आपलं काहीतरी चालूच." त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "तुम्ही हुशार आहात. पण ते होतं तसं करून द्या."

मी ती ओळ पुन्हा बिघडवून ठेवली. काकांनी चष्मा पुसून बटण दाबलं. चुका धडाधड येऊ लागल्या आणि मधे एक टिपण आलं: हे कसं चालतं मलाही कळत नाही. कुणी हात लावू नये.

"बघा, तुम्हालाच बोलायली," काका म्हणाले, आणि डोळे भरलेले असतानाच खो खो हसले. मला काही हसता आलं नाही.