तैपेईत, सव्वासात वाजता

टोकियोत, आमच्या हिगाशी-कसाईच्या इमारतीत कुणी तैवानचं तिकीट काढलं, की सहाव्या मजल्यावरच्या गोडबोलेकाकांना ते कसं कळतं, हे मला आजवर कळलेलं नाही. त्याच संध्याकाळी बेल वाजते. दारात काका, हातात लॅमिनेट केलेला कागद. कागदावर तीन सकाळींचा नाश्ता, क्रमाने आणि वेळेसकट. जेवणाचा उल्लेखच नाही.

"दुपारचं तुमचं तुम्ही बघा," काका म्हणतात. "प्रवासात माणूस फसतो तो सकाळी."

पहिल्या सकाळी गरम, गोड सोयाचं दूध आणि त्यात बुडवायला हातभर लांब, तळलेली मैद्याची काडी. खारं दूध पहिल्या दिवशी मुळीच घ्यायचं नाही. त्यात व्हिनेगर असतं, ते कपातच फुटतं, आणि आपल्याच इमारतीतल्या नाशिकच्या एका जोडप्याने ते नासलं म्हणून परत केलं होतं. त्या दोघांशी काका अजून जेवढ्यास तेवढंच बोलतात. शिवाय त्यात सुकी कोळंबी असते, अशी शाकाहाऱ्यांसाठी तळाशी लाल अक्षरांत सूचना.

दुसऱ्या सकाळी दानबिंग, म्हणजे अंडं लावून गुंडाळलेली मऊ पोळी. काकांच्या घरात अंडं येत नाही, पण तैवानात चालतं. का, ते विचारायचं नाही. सोबत तव्यावर परतलेल्या मुळ्याच्या वड्या. निखिल, म्हणजे माझा नवरा, एकदा म्हणाला की हॉटेलात नाश्ता फुकट आहे. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने प्लॅस्टिकच्या बाटल्या ओल्या कचऱ्यात टाकल्या होत्या.

तिसरी सकाळ मात्र वेगळी. काय खायचं ते तुमच्यावर, पण दुकान ठरलेलं, एका गल्लीतलं, आणि वेळ सव्वासात. साडेसात नाही.

हे असं का, ते इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्या गल्लीत काकांची मुलगी गौरी राहते. काकांनी ओळखीतून मिळवून दिलेली नागोयाची नोकरी तिने सोडली आणि ती तैपेईला गेली, तेव्हा काका रागाच्या भरात नको ते बोलले. त्यानंतर दोन वर्षं बापलेकीत शब्द नाही. ती आईला फोन करते, आणि काकू एवढंच सांगतात की बरी आहे. एका परतलेल्या शेजाऱ्याने सहज सांगितलं होतं की गौरी या दुकानात सव्वासातला दिसली. तेव्हापासून हा कागद. गौरी शाळेत असताना उपाशीपोटी सायकल काढायची, आणि काका घास घेऊन लिफ्टपर्यंत मागे धावायचे, हे मला काकूंनी सांगितलं.

तैवानहून परतलेल्याची काका नीट तपासणी घेतात. दूध गरम होतं का, काडी कुरकुरीत होती का, बसायला जागा मिळाली का. मग भिंतीकडे बघत विचारतात, "आपलं कुणी दिसलं का तिथे?" गौरी होती, खात होती, असं सांगितलं की "असं का" म्हणून मुळ्याच्या वड्यांवर येतात.

यंदा आमची पाळी आली. तिसऱ्या सकाळी निखिल आणि आमची मुलगी सई झोपलेले, म्हणून मी एकटीच गेले. गौरी कोपऱ्यात बसली होती. माझ्या हातातला कागद पाहून हसली आणि तिने बाकावरची पिशवी उचलून मला जागा केली. तिच्यापुढे भाताचा रोल होता, कसाबसा दोन घास खाल्लेला.

"ताई, खरं सांगू? मला सकाळी काही जातच नाही," ती म्हणाली. "ऑफिस दहाला असतं."

मग इतक्या लवकर कशाला येतेस, असं मी विचारलं.

"आधी कधीतरी यायचे, कॉफीला. आता रोज येते. बाबांचं माणूस कधी येईल, मला कुठे माहीत असतं? कुणी आलं आणि मी दिसलेच नाही, तर बाबा काय समजतील?"

हे त्यांना सांगू का, मी विचारलं. तिने बराच वेळ ग्लासात चमचा फिरवला. मग म्हणाली, सांगा.

परतल्यावर काका नेहमीप्रमाणे आले. दुधाच्या तपमानापासून सुरुवात झाली. मी त्यांना थांबवून सगळं सांगितलं. काका बूट काढायच्या जागेतच उभे राहिले. मला वाटलं, आता मुळ्याच्या वड्या येणार. त्या आल्या नाहीत.

"तुम्हा लोकांसाठी येते," ते म्हणाले. "मी गेलो तर येईल?"

"काका, ती तुमच्यासाठीच येते," मी म्हटलं, आणि मलाच रडू आवरेना.

त्यांनी खिशातून फोन काढला. विमानाच्या तिकिटांचं पान उघडून पडद्यावर बोट धरलं. सत्तावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माणसाचं ते बोट खाली टेकेना. शेवटी त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"शनिवारचं तिकीट तू काढ," ते म्हणाले. "माझ्याकडून बटण दाबलं जात नाही."