चंपूताईंची तबकडी दरबारी लागली त्याची हकीकत

श्री नादब्रह्म प्रसन्न. ज्याने कान दिले दोन आणि तोंड दिले एक, त्या देवास दंडवत घालून, आणि दोन्ही कान असोन बहिरे जे, त्यांस दुरूनच रामराम करून, लिहिणार लिहितो ऐसे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, रविवार, ते दिवशी दोन प्रहरी जो अनर्थ जाहला तो साद्यंत लिहून ठेविला पाहिजे, नाहीतर उद्या हेच लोक म्हणतील की ऐसे काही घडलेच नाही.

एक राज्य होते, नाव सांगणे नलगे. चौथ्या मजल्यावर त्याचा किल्ला, आणि लिफ्ट सदा बंद म्हणोन चढण अवघड. तेथील राजे दौलतराव पाटणे, पेशाने दंतवैद्य, आणि त्यांचे पदरी आठ सरदार, सारे शौकी. गाण्याच्या तबकड्या, त्या वाजविणारी यंत्रे आणि पुरुषभर उंचीचे कर्णे, यांवाचून त्यांस दुसरा विषय नाही. दर पंधरवड्यास दरबार भरे, आणि एका सरदाराने आपला आवडता आल्बम आणून इतरांस शिफारस करावी, आणि पसंत पडला तर तो राज्याच्या यादीत दाखल व्हावा, ऐसा शिरस्ता. खोलीत दोन्ही कर्ण्यांपासून सारख्या अंतरावर एक खुर्ची, तीस गादी म्हणत, कारण आवाज जैसा तेथे ऐकू येई तैसा अन्यत्र नाही, आणि गादीवर खासे दौलतराव बसत. दुसरा शिरस्ता ऐसा की, तबकडी कोणी शेवटपर्यंत ऐकत नसे. जेथे यंत्राची परीक्षा होते तेवढाच तुकडा लावावा, झांज कैशी झणकली, तबल्याचा बायां कैसा घुमला ते पाहावे, आणि मग सुई उचलून यंत्राविषयी दोन तास बोलावे. नऊ वर्षांत त्या किल्ल्यात एक गाणे पुरे झाले नाही! याला शौक म्हणावे की काय म्हणावे? पंगतीस बसून ताटे वाजवून पाहावी आणि उपाशी उठावे, त्यातली गत.

त्या सरदारांत नरहरपंत खांबेटे म्हणोन एक गृहस्थ, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, घरचे यंत्र साधे आणि म्हणोन दरबारी मानही बेताचाच. त्यांस जुन्या बाजारात एक तबकडी सापडली, चंपूताई मांद्रेकर नामे गायिकेची, पंचेचाळीस वर्षांमागली. ती ऐकोन पंत तीन दिवस धड जेवले नाहीत. मग शोध करिता कळले की ताई हयात आहेत, वय एकोणऐंशी, आणि दोन गल्ल्या पलीकडे भाचीपाशी राहतात. पंत तत्काळ भेटीस गेले, आणि ताईंनी ती तबकडी हाती घेऊन उलटसुलट पाहिली आणि सांगितले की, घरी यंत्र कधी नव्हते, ही एकदाच ऐकली, कंपनीच्या कचेरीत, तीही उभ्याने. पहिल्या बाजूच्या शेवटी त्यांचा भाऊ बाबल बोलतो. तबल्यास तोच होता. तो जाऊन तीस वर्षे झाली, आणि त्याचा आवाज आता जगात दुसरीकडे कोठे नाही. पंतांचे काळीज हलले. ते म्हणाले की राज्यातल्या उत्तम यंत्रावर ऐकवितो, दरबारात, चार जाणत्यांसमवेत, आणि शेवटपर्यंत. ताई कबूल झाल्या, परंतु अट घातली: "माझे नाव सांगू नका. तोंडावर वाईट कोण म्हणतो? लोक खरे काय म्हणतात ते मला ऐकू द्या." पंतांनी शब्द दिला. आपल्याच घरच्या यंत्रावर त्याच सांजेस ऐकवावे, हे काही त्यांस सुचले नाही. मोठेपणाची हौस, दुसरे काय! तीच नडली.

मग नेमिले दिवशी ताई चारही जिने चढल्या, मजल्या मजल्यावर कठड्यास धरून थांबत, आणि वर येऊन पदराने घाम पुसला. पंतांनी विनंती केली की पाहुण्या वडील आहेत, आजच्या पुरते त्यांस गादीवर बसवावे. दरबार हसला. दौलतराव बोलले की आजींच्या लुगड्यात आवाज मुरेल, त्यांस मागे दारापाशी बसवा. तैसे स्टुलावर बसविले, आणि पाणी हवे काय म्हणोनसुद्धा कोणी पुसले नाही. पंतांच्या अंगाचा तिळपापड जाहला, परंतु शब्दात अडकले होते. ते दिवशी शरच्चंद्र लिमये नामे सरदारांनी समुद्रापारहून नवी वायर आणिली होती, मनगटाएवढी जाड, ती कर्ण्यांस जोडिली, आणि तोवर तबकडीचे वेष्टन हातोहात फिरले. वेष्टनावर ताईंची तरुणपणची तसबीर, हनुवटीवर ठसठशीत तीळ, आणि तोच तीळ मागे स्टुलावर बसला होता. परंतु तसबीर पाहतो कोण? सारे पाठीवरचे बारीक आकडे वाचीत होते.

मग सुई टेकली, आणि तबकडीतला आवाज वर चढला, आणि मागे ताईंनी नकळत खालचा सा धरिला, तोंड मिटून, हलकेच, आपली साथ आपणच. दौलतराव गादीवरून अर्धे उठले आणि बोलले, "पाठीमागून येते आहे हो! बाई खोलीतच बसली आहे ऐसे वाटते." मग एकेक सरदार गादीवर बसोन आला आणि मान डोलावून गेला, आणि आठांपैकी एका भल्या माणसास मान वळवावीशी वाटली नाही. लिमये फुगले. तांबे शुद्ध असले की बाई मागे येतेच, हा सारा वायरीचा प्रताप, ऐसे त्यांणी सांगितले आणि दरबारास ते पटले. साडेचार मिनिटे होताच सुई उचलिली, आणि तोच तुकडा पुन्हा लाविला, आणि पुन्हा उचलिली, आणि तिसऱ्याने लाविला. तेव्हां ताई गुणगुणायच्या थांबल्या आणि पुढचे लावाल ना, म्हणोन हळूच पुसले. दौलतरावांनी ओठांवर बोट ठेविले. "आजी, गप्प बसा. बाई गाते आहे."

काय म्हणावे या कर्मास! पंत ताडकन उठले आणि म्हणाले की बाजू शेवटपर्यंत लावा, मी शिफारस केली ती साऱ्या आल्बमाची, साडेचार मिनिटांची नव्हे. लिमये वायर कुरवाळीत बोलले, "पुढे काय आहे पंत? पुढे नुसते गाणेच तर आहे." तेव्हां पंतांचा तोल सुटला. यंत्रावरची तबकडी उचलिली, छातीशी धरिली आणि साऱ्या दरबारास ऐकविले की तुमचे कान देवाने चष्मा अडकवायला दिले आहेत. आणखीही बोलते, परंतु ताईंनी त्यांच्या दंडास हात लाविला आणि म्हणाल्या, चला. मग दोघे चार जिने उतरले, आणि वाटेत पंतांस वर मान करवेना.

पंतांचे घरचे यंत्र पेटीएवढे, सुई उडू नये म्हणोन दांडीवर जुने नाणे चिकटविलेले. त्यावर तबकडी लाविली. ताई कॉटवर बसल्या आणि एक सूर गुणगुणल्या नाहीत, नुसत्या ऐकत राहिल्या, आणि पंतांच्या पत्नी उमाबाई कणकेच्या हाताने दारात उभ्या त्या उभ्याच राहिल्या. बावीस मिनिटे झाली, गाणे सरले, तंबोरा मात्र अजून वाजत होता, आणि त्यात एक पुरुष हसत बोलला, "ताई, आता पाणी पी."

"दे रे," चंपूताई म्हणाल्या. आणि मग उमाबाईंनी हात धुऊन तांब्या आणिला, आणि ताई ते पाणी घोट घोट करून सारे प्यायल्या.

इकडे पुढील दरबारी लिमयांची वायर पुन्हा लाविली, तो मागून काहीच येईना. नाना तबकड्या लाविल्या, पडदे काढिले, गादी वीतभर सरकविली, वायरीची टोके उलटी जोडिली, आणि शेवटी मागची बाई येईनाशी झाली ऐशी तक्रार लिहोन वायर समुद्रापार परत धाडिली. मग पंतांकडे एक सरदार वकिलीस आला. तबकडी यादीत दाखल केली आहे, पहिली साडेचार मिनिटे उत्तम ऐसा शेराही मारिला आहे, तरी परीक्षेसाठी द्यावी. पंत बोलले की देतो, परंतु शेवटपर्यंत ऐकावी लागेल. त्याने पुसले, किती वेळ? बावीस मिनिटे. वकिलाने जिन्यात जाऊन फोनावर मसलत केली आणि परत येऊन सांगितले की इतका वेळ दरबारास नाही.

येणेंप्रमाणे वर्तमान जाहले. तबकडीचे नाव यादीत आहे, तबकडी पंतांचे घरी आहे. कोणास ऐकणे असेल त्याने रविवारी यावे, खुर्ची कोणतीही चालते, आणि पाणी आल्याबरोबर देतात.