आतड्यांची वंशावळ

हे काम एका रविवारात उरकेल, अशी त्याची पक्की खात्री होती. तसं त्याने डॉक्टरबाईंना सांगूनही टाकलं. "घरात आणखी कुणाला असा त्रास आहे, एवढंच ना? सोमवारी सांगतो. बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवतोय, माणसांकडून खरं कसं काढायचं ते मला कळतं."

तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. गेली तीन वर्षं त्याच्या हाताखालची माणसं गाडी शिकायची ती फक्त अशा रस्त्यांवर, जिथे दर पाच मिनिटांवर संडास होता. पेट्रोल पंप, बस स्थानक, कोर्टाची मागची बाजू. मधेच "इथे बाजूला घ्या, इंजिन चालू ठेवा, मी आलोच" म्हणून सर दिसेनासे व्हायचे. दिवसाला बारा खेपा, कधी पंधरा. वर रक्त पडायचं. वजन अकरा किलो उतरलं होतं आणि ओळखीचे लोक कौतुकाने विचारत होते, डाएट कुठला करता?

डॉक्टरबाईंनी त्याला समजेल असं सांगितलं होतं. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी त्याच्याच मोठ्या आतड्यावर तुटून पडल्या होत्या आणि त्यांना थांबवणारी यंत्रणा काम करत नव्हती.

"म्हणजे ब्रेक लागत नाहीये," तो म्हणाला.

"तसंच म्हणा. आणि असा नादुरुस्त ब्रेक कधी कधी घराण्यातूनच येतो. म्हणून विचारतेय."

शनिवारी संध्याकाळी त्याने आईला फोन लावला. प्रश्न ऐकून आईने लगेच हात झटकले.

"आमच्या माहेरी माणसं दगड पचवतात," ती म्हणाली. "काय असेल ते तुझ्या वडिलांकडचं. ते तर गेले बिचारे, आता त्यांना कोण विचारणार?"

"दोष नाही देत गं कुणाला. डॉक्टरांना माहिती हवीय."

"मग माझ्या भावाला विचार. तोंडावर पाडेल तो तुझ्या डॉक्टरांना."

त्याने मामाला विचारायच्या आत आईनेच मामाला फोन केला. मामाला ऐकू कमी येतं. त्याने जे ऐकलं ते मामीला सांगितलं, मामीने मावशीला, आणि रविवारी सकाळपर्यंत दोन्हीकडच्या नातेवाइकांत बातमी पक्की झाली होती. ड्रायव्हिंगवाल्याचं आतडं निकामी झालंय आणि तो घरातल्याच कुणाचं तरी काढून घ्यायला बघतोय.

अकरा वाजता दोन खोल्यांच्या घरात नऊ माणसं जमली. मामा आला तो प्लास्टिकच्या पिशवीत डायबेटिसचे रिपोर्ट घेऊन. मावशीने आल्या आल्या सांगितलं की तिचं एक ऑपरेशन आधीच झालंय, आता दुसरं सोसणार नाही. चुलतभाऊ बसलाही नाही. "दादा, माझी मुलं लहान आहेत," एवढं बोलून तो दाराशीच उभा राहिला.

"अहो, मला कुणाचं काहीही नकोय," तो म्हणाला.

"असं मनावर घेऊ नकोस," मामा मोठ्याने म्हणाला. "पण माझं नाही जमणार."

तो डॉक्टरबाईंनी दिलेला फॉर्म हातात धरून एकेकाला समजावत सुटला. तेवढ्यात आईने माहेरच्या पचनाचा विषय काढला, काकू उखडली आणि कुणाच्या घराण्यातलं रक्त खराब, यावर दोन्ही बाजूंची जुंपली. त्या गदारोळात त्याच्या पोटात ओळखीची कळ उठली. तो उठून आत धावला. संडासाचं दार आतून बंद होतं.

आत आत्या होती. वडिलांची थोरली बहीण. तिला सगळे शिष्ट म्हणायचे, कारण ती कुणाच्या लग्नात जेवायला थांबत नसे आणि कुणाकडे मुक्कामाला येत नसे. आजही आली ती कुणाशी न बोलता सरळ आत गेली होती. त्याला वीस मिनिटं झाली होती.

"आत्या, जरा घाई आहे."

"मलाही आहे रे," आतून आवाज आला. मग थोड्या वेळाने, "तुला आतडं द्यायलाच आले होते मी. माझं आता काय राहिलंय? पण माझं तुला चालायचं नाही."

"का?"

"रक्त पडतं. तू जन्मायच्या आधीपासून."

तो दाराला टेकून उभा राहिला. "कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगायचं? काय म्हणून सांगायचं?"

आत्या बाहेर आली तोवर त्याला उशीर झाला होता. बायकोने टॉवेल आणून दिला आणि खोलीचं दार लोटून घेतलं. भिंतीपलीकडे मामा अजून रिपोर्ट वाचून दाखवत होता. इकडे तो टॉवेल गुंडाळून खाली मान घालून उभा होता. आत्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "माझं हे बसमध्ये झालं होतं. भरल्या बसमध्ये."

सोमवारी त्याने आत्यालाच बरोबर नेलं. डॉक्टरबाईंनी फॉर्ममधला घराण्याचा रकाना भरला.

"आता याच्यावरून माझं औषध बदलेल?" त्याने विचारलं.

"नाही. औषध तेच. पण यांची तपासणी लगेच करू."

तपासणीत आत्याचं दुखणंही तेच निघालं. दोघांना एकच औषध सुरू झालं. दोन महिन्यांत आत्याचं रक्त थांबलं, गालांवर मांस आलं. त्याच्यावर औषधाचा काडीचा परिणाम झाला नाही. मग दुसरं दिलं, मग इंजेक्शनं. एकाच घराण्यातलं दुखणं, मग तिला लागू पडतं ते मला का नाही, असं त्याने विचारलं. डॉक्टरबाई प्रामाणिक होत्या. "माहीत नाही," म्हणाल्या.

परवा आत्याचा प्रवासातून फोन आला. सहा तास बस, आणि ती एकदाही उतरली नव्हती. हे सांगताना ती रडत होती.

"छान झालं, आत्या," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. निदान बऱ्याचशा मनापासून.